एकाच बागेत बारा महिने: पणजीच्या बागांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षे शनिवारी सकाळी मी बागेत जाते. सुरुवातीला एकटी जायची, आता आईला घेऊन. ओळखीच्यांना हे ठाऊक झाल्यापासून तेच तेच प्रश्न येतात: लग्नात, बसमध्ये, चवथीला (गणेशचतुर्थीला) माहेरी गेले की. उत्तरे एकदा नीट लिहून ठेवते.

बाग म्हणजे नेमकी कोणती?

पणजीच्या माणसाला 'बाग' म्हटले की दोन जागा आठवतात. एक चर्च स्क्वेअरची, जिला सगळे म्युनिसिपल गार्डन म्हणतात. पाटीवरचे नाव गार्सिया द ओर्ता. मधोमध बँडस्टँड आणि एक उंच खांब. त्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, गोवा मुक्त झाल्यावर तिथे अशोकाचे सिंह आले. दुसरी कांपालची, मांडवीच्या बाजूची. तिला फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांचे नाव आहे. पोर्तुगीज संसदेत गोव्याच्या वतीने बोलणारे हे गृहस्थ, १८२९ ते १८६९ एवढेच आयुष्य लाभलेले.

माझी बाग कांपालची. म्युनिसिपल गार्डनमध्येही जाते, पण ती बाजारहाट करताना वाटेत बसायची जागा. कांपालला मुद्दाम जावे लागते, आणि मुद्दाम जाणे मला आवडते.

एवढीशी बाग, अर्ध्या तासात फिरून होते. परत परत जाऊन काय बघता?

मलाही पूर्वी असेच वाटायचे. मग एका फेब्रुवारीत, कचेरीच्या कामातून फार दमले होते तेव्हा, एका जुन्या पर्जन्यवृक्षाखाली बसले. वरून पाने गळत होती. चिंचेच्या पानांपेक्षा थोडी मोठी, पिवळी, अगदी हलकी. अंगावर, पर्सवर, बाकावर. पंधरा दिवसांनी तिथेच गेले तर झाड जवळजवळ उघडे, नुसत्या फांद्या. एवढे जाड खोड आणि वर काही नाही, बघून पोटात कसेसे झाले. वाटले, मेले की काय. पुढच्या खेपेस कोवळी पोपटी पालवी, आणि नंतर पावडरच्या पफसारखी गुलाबी-पांढरी फुले. आईला दाखवायला घेऊन गेले ती तेव्हापासून.

मी एकदाच गेले असते तर ते झाड मला एकतर हिरवे ठाऊक असते, नाहीतर उघडे. म्हणून सांगते, दहा बागा बघण्यापेक्षा एक झाड ठरवा आणि त्याच झाडाकडे जा. महिन्यातून एकदा जमले तरी चालेल. शक्य तो वेळही तीच ठेवा, कारण सकाळचे झाड आणि संध्याकाळचे झाड वेगळे असते. पर्जन्यवृक्ष तर अंधारून आले की पाने मिटून घेतो. ढग दाटले तरी मिटतो, आणि मिटलेल्या पानांमधून पावसाचे पाणी थेट खाली गवतावर पडते. त्याच्याखालचे गवत एवढे हिरवे का, याचे एक कारण हे आहे.

सर्वांत चांगला महिना कोणता?

जुलै.

लोकांना हे पटत नाही. पाहुणे डिसेंबरमध्ये येतात, आपलीही मुले नाताळच्या सुट्टीत बागेत जातात, त्यामुळे डिसेंबर म्हणजे बागेचा महिना असे डोक्यात बसले आहे. पण डिसेंबरमध्ये बागेत असते ती माळ्याने लावलेली फुलझाडे. जुलैमध्ये बाग स्वतः उगवते. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी जमिनीत गेल्यावर जे होते ते डोळ्यांनी बघायला हवे. चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ चढते, शेवाळावर नेचे येतात, कुंपणाच्या कडेला तायकिळा (टाकळा) उगवतो. (घरी त्याची भाजी करतो, पण शहरातल्या रस्त्याकडेचा खुडू नका, गाड्यांचा धूर बसलेला असतो.)

जुन्या झाडांच्या फांद्यांवर बाशिंग नावाचा नेचा असतो. उन्हाळ्यात तो तपकिरी, कुरकुरीत, वाळून गेल्यासारखा दिसतो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा झाडाला कीड लागली असे समजले होते. पहिल्या आठ दिवसांच्या पावसात त्याला हातभर लांब हिरवी पाने फुटतात आणि फांदी दिसेनाशी होते. आई त्याला 'झाडाची शाल' म्हणते.

पावसात जाऊन भिजायचेच ना?

भिजायचे थोडे. पण कोकणचा पाऊस दिवसभर एकसारखा कोसळत नाही, अधूनमधून उघडीप देतो. एक मोठी सर येऊन गेली की निघा. पुढची यायच्या आत तास-पाऊण तास मिळतो, आणि त्याच वेळात बाग सगळ्यात बोलकी असते: पाने ठिबकत असतात, बेडूक सुरू होतात, दयाळ पंख झटकत गवतावर उतरतो.

काळजी मात्र घ्यायला हवी. चिऱ्याच्या पायवाटा शेवाळाने इतक्या निसरड्या होतात की चांगल्या चपलाही धरत नाहीत. आईचा पाय एकदा तिथेच घसरला, सुदैवाने मी हात धरला होता. रबरी तळव्याचे बूट घाला, वयस्कर माणसाला मधल्या रुंद वाटेवरूनच न्या. डास असतातच, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

आणि वारा असेल तर जाऊ नका, हे कळकळीने सांगते. पर्जन्यवृक्षाचा पसारा फार मोठा, फांद्या आडव्या जाणाऱ्या, आणि पाण्याने जड झालेली फांदी कुठल्याही क्षणी येते. नारळाखाली तर कधीच उभे राहू नये, वारा असो नसो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेले तेव्हा राज्यभर झाडे पडली, कितीतरी घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्यानंतर मी पहिल्यांदा कांपालला गेले ती जीव मुठीत धरून. माझे झाड उभे होते. एक मोठी फांदी गेली होती आणि तिच्या जागी आकाश दिसत होते. ते भोक अजून पूर्ण भरलेले नाही.

चवथीला बागेतली पत्री, फुले घेतली तर काय बिघडते? देवासाठीच तर घेतो.

बिघडते. बाग सगळ्यांची आहे म्हणून तिच्यातले फूल कुणा एकाचे नाही, देवासाठीसुद्धा. श्रावणातल्या आयतारांच्या (रविवारांच्या) पूजेला पाने-फुले लागतात, मग चवथ येते, आणि नेमक्या याच दिवसांत बागेतल्या जास्वंदी, दुर्वा, आघाडा सकाळी सहाच्या आत ओरबाडलेले दिसतात. मी स्वतः लहानपणी आजीबरोबर परडी घेऊन गावात फिरलेली आहे, त्यामुळे ती ओढ मला कळते. पण गावातल्या कुंपणावर पन्नास घरांची पत्री निघत असे. शहरातल्या एका बागेवर हजारो घरे तुटून पडली तर उरणार काय?

माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीचे, सामान तर बागेत मिळतच नाही, ते रानातले. चवथीच्या आधी पणजीत, म्हापशाला, फोंड्याला माटोळीचा बाजार भरतो. कांगणीचे घोस, कवंडळे, तोरिंगे, आंबाडे, सुपारीचे शिपटे घेऊन सत्तरी-सांगेच्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्या आणि प्रत्येक फळाचे नाव विचारा. त्या जेवढे सांगतात तेवढे कुठल्या पाटीवर लिहिलेले नसते. मी पाच-सहा रानफळे अशीच शिकले.

खाली पडलेली फुले वेचायला हरकत नाही. बकुळीची, आमच्याकडे जिला ओवळ म्हणतात तिची, फुले तर वेचायचीच असतात. ती पडतातच त्यासाठी, आणि सुकली तरी वास सोडत नाहीत.

पावसानंतर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, कशाला जायचे?

फुलपाखरांसाठी. पावसात वाढलेल्या हिरव्या पाल्यावर अळ्या पोसलेल्या असतात, त्यामुळे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर एवढी फुलपाखरे पुन्हा वर्षभर दिसत नाहीत. ऊन चढल्यावर, नऊ-साडेनऊला जा. पहाटे ती पंख मिटून बसलेली असतात. घाणेरीच्या किंवा झेंडूच्या ताटव्यासमोर दहा मिनिटे न हलता उभे राहा, बस्स.

याच दिवसांत संध्याकाळी सातवीण फुलते. सप्तपर्णी म्हणतात ती. हिरवट पांढरे गुच्छ, वास इतका दाट की काहींचे डोके दुखते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या झाडाखाली बसू नये. मला मात्र तो वास आला की दिवाळी जवळ आली असे वाटते, फराळाच्या वासाच्याही आधी.

डिसेंबर-जानेवारी?

सगळे जातात, तुम्हीही जा. हवा छान असते. आठ डिसेंबरला पणजीच्या मोठ्या चर्चचे फेस्त (वार्षिक सण) असते, तेव्हा म्युनिसिपल गार्डनच्या आसपास फेरी, म्हणजे जत्रा, भरते. खाजे घ्यायचे आणि बागेत बसून खायचे, कागद मात्र परत घरी न्यायचा. एक सुचवते: नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव असतो (२००४ पासून तो पणजीतच भरतो), तेव्हा कांपालच्या बाजूला गर्दी आणि रोषणाई फार. शांतता हवी असेल तर ते आठ-दहा दिवस सोडा.

गिमाच्या दिवसांत, मार्च ते मे, बाग करपून जात नाही का?

गवत करपते. झाडे उलट त्याच दिवसांत फुलतात, आणि हे मला दर वर्षी नव्याने आश्चर्यकारक वाटते. घामाने माणूस हैराण आणि झाडांचा मात्र सण. जानेवारीअखेरीपासून काटेसावर लाल होते, पांगारा लाल होतो, पळस रानात पेटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी येते. ती बागेत शोधू नका, महालक्ष्मीच्या देवळाकडे फुलकारणी वळेसर (गजरे) घेऊन बसतात तिथे तिचा वास गाठेल. एप्रिलमध्ये बहाव्याचे पिवळे घोस उलटे लोंबू लागतात. बहावा भरून फुलला की दीड महिन्यात पाऊस, असे जुनी माणसे सांगतात. मेमध्ये गुलमोहर, आणि त्याच सुमारास जांभळा ताम्हण. मेअखेरीस जुन्या झाडांच्या खोडाकडे वर मान करून बघा: सीतेची वेणी नावाचे ऑर्किड, नावाप्रमाणेच वेणीसारखे लोंबणारे, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेले. जमिनीतून फुले येतात तशी ती फांदीवरून येतात. कुणी काढून घरी नेले तर बहुतेक वेळा जगत नाही.

पक्षीही याच दिवसांत जास्त बोलतात. तांबट जानेवारीपासूनच टुक्-टुक् सुरू करतो, कोकीळ एप्रिलपासून पहाटे चारलाच जागा, आणि मेच्या शेवटी पावशा ओरडू लागला की घरोघर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, शेवटची धावपळ: सुकी मासळी, मिरच्या, कोकमे उन्हातून आत घ्यायची.

वेळ मात्र सकाळी साडेसहा ते आठ, नाहीतर संध्याकाळी मांडवीवरून वारा सुटल्यावर. दुपारी बारा ते चार बागेत कुणी जाऊ नये. पाण्याची बाटली हवीच.

गार्सिया द ओर्ता कोण होता? त्याच्या नावाची बाग का?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरे वाटते, कारण रोज त्या बागेतून जाणाऱ्या दहांपैकी एकालाही तो ठाऊक नसतो.

तो वैद्य होता. १५३४ साली पोर्तुगालहून गोव्यात आला आणि इथलाच झाला. इथली झाडे, मसाले, औषधे यांचे त्याला वेड होते. युरोपातल्या वैद्यांनी जुन्या ग्रीक ग्रंथांत वाचलेले आणि इथे प्रत्यक्ष दिसणारे यांत फरक आहे, हे तो धीटपणे लिहीत गेला. इथल्या हिंदू आणि मुसलमान वैद्यांना विचारत असे, बाजारात विचारत असे. १५६३ साली त्याचा ग्रंथ गोव्यातच छापला. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. आंबा, फणस, नारळ, विड्याचे पान, आले, मिरी, पटकीचा आजार, सगळे त्यात आहे.

आणि मला सर्वांत आवडते ते हे: सगळा ग्रंथ प्रश्नोत्तरांत आहे. नुकताच गोव्यात उतरलेला रुआनो नावाचा एक कल्पित डॉक्टर प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. मध्येच अंतोनिया नावाची घरातली दासी झाडपाला आणून दाखवते. चारशे साठ वर्षांपूर्वी माणसे झाडांबद्दल असेच प्रश्न विचारत होती.

त्याचा शेवट मात्र सांगताना जड जाते. त्याचे घराणे मूळ ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून काढून त्याही जाळल्या. इकडे हे चालले असताना त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये केलेला, युरोपभर वाचला जात होता. गोव्यात त्याची कबर नाही. बाग आहे. तिथून जाताना एकदा पाटी वाचा.

बागेतली झाडे आपली की परदेशी?

मिसळलेली. गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचा. देवळाच्या अंगणात असतो म्हणून ज्याला आपण अगदी आपला मानतो तो चाफासुद्धा अमेरिकेतून आलेला. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला, आणि आज त्याच्याशिवाय गोव्याचा एप्रिल कल्पता येत नाही. बहावा, बकुळ, ताम्हण, सातवीण, सीतेचा अशोक हे इथले. परदेशी झाडे तोडावीत असे मला मुळीच वाटत नाही. माझे लाडके झाडच परदेशी आहे. पण नवे झाड लावायची वेळ येते तेव्हा बकुळ लावावी, ताम्हण लावावा. पक्षी-फुलपाखरांना त्यांची जास्त ओळख आहे.

मला झाडे ओळखताच येत नाहीत. सुरुवात कशी करू?

फुलापासून करू नका, ते पंधरा दिवसांत जाते. पानापासून आणि खोडापासून करा. पान एकेरी की चिंचेसारखे बारीक दलांचे, खोड गुळगुळीत की भेगाळलेले, चीक येतो का. आणि माळ्यांना विचारा. सकाळी पाइप धरून उभे असलेल्या माणसाला 'दादा, हे कसले झाड?' म्हणून विचारले तर तो पाइप खाली ठेवून दाखवायला येतो, असा माझा अनुभव आहे. नाव बहुधा कोंकणीत सांगेल. तेच लिहून घ्या, पुस्तकी नाव नंतर सापडते.

लहान मुलांना कुठे न्यावे?

कांपाललाच भगवान महावीर बालविहार आहे, झोपाळे-घसरगुंड्या तिथे. पण झाड बघायला मुले कंटाळतात हे खरे नाही. त्यांना वर बघायला सांगू नका, खाली बघायला सांगा: शेंगा, बिया, गोगलगायी, मुंग्यांची रांग. पर्जन्यवृक्षाची शेंग चिकट आणि गोडसर असते, गुरे आवडीने खातात. माझा भाचा तिच्या बिया खिशात भरून नेतो.

गाडी कुठे लावायची?

पाटोला लावा आणि चालत या. कदंब बसने आलात तर उत्तमच. बसस्टँडवरून पाटोचा पूल ओलांडून, उरेमच्या खाडीच्या कडेने फोंतायन्यातून वीस मिनिटांत म्युनिसिपल गार्डन गाठता येते. वाटेत पाव-भाजी खायची असेल तर आपली पातळ भाजी मागा.

शहराबाहेर, जरा मोठी बाग हवी असेल तर?

बोंडला. फोंडा तालुक्यात उसगावच्या पुढे, अभयारण्यच आहे, आठ चौरस किलोमीटरच्या आसपासचे, पण त्यात वनस्पती उद्यान आहे. गुरुवारी बंद असते, हे न पाहता आम्ही एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. पावसाच्या शेवटी जावे. रान आणि बाग यांची हद्द तेव्हा कळत नाही.

वही ठेवता म्हणे. त्यात काय लिहिता?

फार काही नाही. तारीख, झाडाची अवस्था, एखादा पक्षी, बरोबर कोण होते. 'पाने निम्मी गळली.' 'बाशिंग हिरवे झाले.' 'आईला आज दोनच फेऱ्या जमल्या.' दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की मागे जाऊन बघता येते, यंदा बहावा लवकर आला की उशिरा.

गेल्या शनिवारी आई बाकावर बसून राहिली, मीच तिला सांगत होते वर काय काय आहे. ती म्हणाली, 'तौक्तेत गेली ती फांदी, तिथे कोंब आलाय बघ.' मला दिसला नाही. पुढच्या खेपेस दुर्बीण नेणार आहे.